पूलचा कूलर आणि बाबांची छाती: माझा अनुभव

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर 43 अंश असताना, बाबा पूलमधून बाहेर आले आणि कुडकुडायला लागले. मी पंचा घेऊन धावले. कपाळाला हात लावला तर कपाळ गार. पाच मिनिटांत अंग खडखडीत कोरडं झालं आणि थंडी आली तशी गेली.

"ताप नाही गं," बाबा म्हणाले. "अंग सुकत होतं तोवर थंडी होती. माठासारखं झालं माझं."

आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. अॅरिझोनाच्या या भागात घराच्या मागे स्विमिंग पूल असणं ही काही श्रीमंती नाही, पुष्कळ घरांना तो असतोच. बाबा एप्रिलमध्ये अकोल्याहून आले होते. दोन्ही गुडघे झिजलेले. इथल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी त्यांना रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालायला सांगितलं आणि त्याचा गुणही येत होता. मे अखेरपर्यंत ते जिना धरून का होईना, पण न थांबता चढायला लागले. मग पाणी तापायला लागलं. जूनमध्ये सकाळी सातलाच तापमापक 35 दाखवायचा. सांध्यांच्या व्यायामाला 28 ते 31 अंश बरे, असं त्या बाईंचं म्हणणं होतं. 35 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं चाललं की बाबांचा चेहरा लाल व्हायचा, धाप लागायची. ते बाहेर येऊन गप्प बसून राहायचे. बाबांचं गप्प बसणं मला बघवत नाही.

नवऱ्याला आधी बर्फ सुचला. मी हिशेब केला. आमच्या पूलमध्ये साधारण 50 हजार लिटर पाणी आहे. त्यात 100 किलो बर्फ ओतला तरी पाणी पाव अंशानेही उतरत नाही. पूलवर सावलीचं कापड ताणलं, त्याने थोडा फरक पडला. चिलर म्हणजे फ्रिजसारखं कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र, त्याची किंमत आणि विजेचं बिल दोन्ही आमच्या आवाक्याबाहेर. मग शेजारच्या गल्लीतल्या एका घरी बाष्पीभवनावर चालणारा पूलचा कूलर पाहिला. माणसाच्या कमरेएवढा प्लास्टिकचा मनोरा, आत पंखा. पूलच्याच पंपाने पाणी वर चढतं, आत बारीक धारांनी कोसळतं, पंखा त्या धारांमधून बाहेरची कोरडी हवा ओढतो. थोडं पाणी वाफ होऊन निघून जातं, उरलेलं गार होऊन उताराने पूलमध्ये परत येतं.

मी घरी येऊन बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपला कूलरच की. फक्त आपण हवा वापरतो आणि पाणी टाकून देतो, हे लोक पाणी वापरतात आणि हवा टाकून देतात."

इतकं नेमकं मला ते विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं.

बाबांची उभी नोकरी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात हवामानाच्या नोंदी घेण्यात गेली. लाकडी झडपांची ती पांढरी पेटी, आत शेजारी शेजारी दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या फुग्याला मलमलची पट्टी गुंडाळलेली आणि तिची वात खाली पाण्याच्या कुपीत सोडलेली. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा ती कुपी भरायचं काम माझ्याकडे असे. इथे त्यांनी दुकानातून दोन साधे तापमापक आणायला लावले, माझ्या जुन्या ओढणीची पट्टी फाडली, एका तापमापकाला गुंडाळून ओली केली आणि दोन्ही व्हरांड्यात टेबलफॅनसमोर ठेवले. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो. ओल्यातला लाल धागा उतरायला लागला. 35, 30, 26. मग सावकाश. शेवटी साडेवीसवर येऊन थांबला. शेजारचा कोरडा 43 वर होता.

"हा आकडा बघ," बाबा ओल्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तुझं यंत्र कितीही महाग असू दे, याच्या खाली पाणी नेऊ शकणार नाही. याच्या जवळ जाईल, बस."

या यंत्राबद्दल समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. शाळेत आपण बाष्पनाचा अप्रकट उष्मा 540 असा पाठ केलेला असतो. तो उकळत्या पाण्याचा. 30 अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी लागतात आणि त्या उरलेल्या पाण्यातूनच काढल्या जातात. म्हणजे एक लिटर पाणी उडालं की 580 लिटर पाणी एका अंशाने उतरतं. आमचा पूल 5 अंशांनी खाली आणायचा तर सुमारे 430 लिटर पाणी हवेत सोडावं लागणार. दिवसभर ऊन जी उष्णता ओततं ती परत काढायची, ते वेगळंच. वाळवंटात राहून इतकं पाणी उडवायचं याची मला टोचणी लागली होती आणि अजूनही आहे. हिरवळ आम्ही त्याच वर्षी काढून टाकली, त्याचं एक कारण हेही होतं.

आणि हे सगळं चालतं ते हवा कोरडी असेल तरच. मुंबईत मे महिन्यात 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तेव्हा ओला तापमापक 29 च्या वर असतो. तिथे या यंत्राला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मात्र मे महिन्यात हेच यंत्र झकास चालावं. जिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो तिथे हा चालेल, इतकं साधं गणित आहे. श्रावणात माठाचं पाणी गार लागत नाही, तेच इथेही.

खरेदी जवळजवळ ठरली होती. अडलं ते बाबांच्या छातीवर.

बाबांना सीओपीडी, म्हणजे धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. पंचवीस वर्षं सिगारेट ओढली, सोडूनही पंधरा वर्षं झाली, पण फुप्फुसं काही पहिल्यासारखी झाली नाहीत. मी रात्री कूलरची माहिती वाचत बसले होते आणि लीजनेला या जंतूचं नाव समोर आलं. 1976 च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथून परतलेली माणसं न्यूमोनियाने आजारी पडायला लागली. 34 जण गेले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो जंतू सापडला आणि त्याला त्या संघटनेचंच नाव मिळालं. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात अशीच साथ आली, 16 माणसं दगावली, आणि उगम निघाला एका इमारतीवरचा कूलिंग टॉवर. कूलिंग टॉवर म्हणजे काय? वरून पाणी कोसळतं, पंखा हवा ओढतो. मी विकत घ्यायला निघाले होते तेच, फक्त मोठं.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी बाबांच्या छातीच्या डॉक्टरांना निरोप पाठवला, दोन दिवसांनी भेट मिळाली. त्यांनी घाई केली नाही, हे मी विसरणार नाही. त्यांच्या बोलण्यातून मला जे समजलं ते असं. हा जंतू नदीनाल्यांत, मातीत थोडाफार असतोच. साधारण 25 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात, जंतुनाशक संपलेलं असेल तर तो फोफावतो, विशेषतः बुळबुळीत थर जमला की त्यात. पण नुसतं पाण्यात असून तो सहसा आजार करत नाही. पाण्याचे अगदी बारीक कण हवेत उडाले आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेले, तर करतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो साधारणपणे लागत नाही. पन्नाशीच्या पुढचे, सिगारेट ओढणारे किंवा ओढलेले, जुना छातीचा आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना धोका जास्त. बाबा यातल्या तीन रकान्यांत बसत होते. संसर्ग झाल्यावर लक्षणं बहुधा 2 ते 14 दिवसांत दिसतात. त्यामुळे ताप, खोकला, धाप असं काही झालं तर "घरी पाण्याचा कूलर आहे" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, कारण तपासणी आणि औषध त्यावरून ठरतं.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या पूलला गरम पाण्याचा टब जोडलेला आहे का?"

होता. या भागातल्या अनेक पूलना असतो तसा एका कोपऱ्यात, पूलच्याच पाण्यावर चालणारा, बुडबुडे सोडणारा. हिवाळ्यात आम्ही सगळे त्यात बसायचो आणि बाबांसाठीही मी तो तापवायचा बेत केला होता. डॉक्टर म्हणाले, कूलरची चिंता करताय ती योग्यच आहे, पण घरगुती गोष्टींमध्ये मला या टबची जास्त भीती वाटते. पाणी 38-40 अंश, क्लोरीन भराभर उडून जातं, आणि बुडबुडे फुटून उडणारे तुषार थेट नाकासमोर. पूलमध्ये क्लोरीन किमान 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) लागतं, स्थिरक, म्हणजे क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन, वापरत असाल तर किमान 2. टबमध्ये किमान 3. आणि टबमध्ये स्थिरक वापरूच नये.

मी घरी आले आणि पहिल्यांदा टबचे बुडबुड्यांचे जेट बंद केले. बाबांना टब वर्ज्य, हे त्याच दिवशी ठरलं. कूलरचा विचार करता करता हे कळलं नसतं तर डिसेंबरमध्ये मीच त्यांना हाताला धरून त्यात बसवलं असतं.

कूलरचं काय? मोठ्या इमारतीचा टॉवर आणि आमचं यंत्र यांत एक मोठा फरक आहे. टॉवरच्या तळाच्या टाकीत तेच पाणी कोमट अवस्थेत फिरत राहतं, त्याच्या जंतुनाशकाकडे कोणी लक्ष दिलं नाही की संपलं. पूलच्या कूलरमध्ये जे पाणी जातं ते पूलचंच. पूलच्या पाण्यात क्लोरीन नीट असेल तर कूलरमधून उडणाऱ्या थेंबातही ते असणार. म्हणजे प्रश्न यंत्राचा कमी आणि पाण्याचा जास्त. डॉक्टरांनी तीन अटींवर होकार दिला. पाण्याची तपासणी रोज, यंत्र चालू असताना बाबांनी त्याच्या आसपास जायचं नाही, आणि यंत्र बंद झाल्यावर आत पाणी राहता कामा नये.

तिसरी अट पाळायला सगळ्यात अवघड गेली.

बसवणाऱ्याला मी सांगितलं की बाबांच्या खोलीच्या खिडकीखालची जागा नको, कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात बसवा. नळ लांबला, पैसे वाढले, पण ते झालं. पंख्याचं धातूचं अंग पूलच्या बाकी उपकरणांशी 8 नंबरच्या अखंड तांब्याच्या तारेने जोडून घेतलं. पाण्याजवळ वीज आहे, तिथे काटकसर करायची नाही. पहिली रात्र चालवलं, सकाळी 35 चे 33 झाले. घरात सणासारखं वाटलं. दुपारी बाबा टॉर्च घेऊन यंत्राजवळ गेले. ते बंद होतं, म्हणून मी काही बोलले नाही. त्यांनी पट्ट्यांमधून आत उजेड टाकला आणि मला हाक मारली.

तळाच्या परातीत दोन बोटं पाणी साचलं होतं. बाहेर पडायच्या नळाकडे उतार असायला हवा तो उलट, मागच्या बाजूला होता. बसवणारा म्हणाला, क्लोरीनचं पाणी आहे, काही होत नाही. मला त्याचा राग आला तो अजून गेलेला नाही. उन्हात त्या दोन बोटं पाण्यातलं क्लोरीन किती तास टिकणार? मी तपासायचं ठरवलं. चार दिवस यंत्र मुद्दाम बंद ठेवलं आणि पाचव्या सकाळी मास्क आणि हातमोजे घालून आतलं थोडं पाणी काढलं. तापमान 38. क्लोरीन तपासायची भुकटी टाकली तर नमुना जराही गुलाबी झाला नाही, म्हणजे शून्य. परातीच्या कडेवरून बोट फिरवलं तर केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं बुळबुळीत लागलं. त्यात तो जंतू होता की नाही हे मला माहीत नाही. पण त्याला हवं ते सगळं तिथे तयार होतं, आणि पुढच्या वेळी बटण दाबल्याबरोबर पंख्याने तेच हवेत उडवलं असतं.

मी फोटो पाठवले, आकडे पाठवले, आणि बसवणाऱ्याला पुन्हा यायला लावलं. त्याने मागची बाजू फरशीचे तुकडे लावून उचलली. पंप बंद केल्यावर मी घड्याळ लावून बघितलं, सात मिनिटांत परात रिकामी. मग ब्लीचच्या पाण्याने आतून सगळं घासून, धुऊन काढलं, पूलमध्ये क्लोरीन चढवून यंत्रातून रात्रभर फिरवलं आणि ते दोन दिवस बाबांना मागच्या अंगणात येऊ दिलं नाही.

पाण्याच्या तपासणीतही एक गोष्ट लपलेली होती. रोजची तपासणी सोपी. 10 मिलिलिटर पाणी, चिमूटभर भुकटी, गुलाबी रंग, मग थेंब टाकत जायचे. रंग नाहीसा होईपर्यंत जितके थेंब, त्याच्या निम्मे पीपीएम. आमचं 2 यायचं आणि मी खूश असायचे. पण आम्ही वर्षानुवर्षं क्लोरीनच्या गोळ्या तरंगत ठेवत आलो होतो. त्या गोळ्यांमध्ये स्थिरक असतो, म्हणजे सायन्यूरिक आम्ल. तो उन्हापासून क्लोरीनला वाचवतो, पण फार झाला तर त्याचे हात बांधून ठेवतो. आणि पाणी उडतं, हा उडत नाही. त्याची तपासणी नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत गढूळ पाणी ओतून करतात. आमचा ठिपका नळीच्या 100 च्या रेघेआधीच गडप झाला. म्हणजे ते 2 पीपीएम कागदावरचेच होते. अर्ध्याहून जास्त पाणी काढून नवं भरावं लागलं, आणि गोळ्या सोडून द्रवरूप क्लोरीन रोज संध्याकाळी मोजून घालायची सवय लावावी लागली.

कूलर आणखी एक करतो. पाण्याच्या धारा हवेत मोकळ्या पडल्या की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. साडेसातला क्लोरीनचा जो भाग जंतू मारायच्या कामाचा असतो तो साधारण निम्मा, आठला जेमतेम चौथा हिस्सा. आम्ही आठवड्यातून दोनदा आम्ल घालून पीएच साडेसातवर आणतो. आणि इथलं पाणी जड. उडून गेलेल्या पाण्याचा चुना मागे राहतो, तोट्यांच्या भोकांवर पांढरे खवले चढतात. बाबा त्याला बघून म्हणाले, "अकोल्याच्या बोअरच्या पाण्याने आपल्या कूलरच्या ताट्यांचं असंच व्हायचं." ताट्या दगडासारख्या कडक होत, आई काठीने झोडपायची. इथे आम्ही तोट्या काढून सौम्य आम्लात बुडवतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सलग चार रात्री चालवल्यावर, सकाळी साडेसहाला पाणी साडेएकोणतीस अंश होतं. आम्ही रात्री दहाला सुरू करतो आणि पहाटे साडेपाचला बंद. ऊन नसतं, ओला तापमापकही त्या वेळी खाली असतो, आणि मागे कोणी नसतं. बाबा सात वाजता पाण्यात उतरले आणि चालायला लागले. मी काठावर चहा घेऊन बसले. पंचविसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "अगं, आज धाप नाही." मग आणखी दोन फेऱ्या मारल्या.

इथल्या पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात, 15 जून ते 30 सप्टेंबर असा तो मोजतात. पाऊस थोडाच, पण हवा दमट होते. जुलैअखेर दुपारी 40 अंश असताना बाबांचा ओला तापमापक 26 वर गेला आणि पाणी 31 च्या खाली उतरेना. कूलर बिघडला असं मला वाटलं. बाबांनी वही पुढे केली. तारीख, कोरडा, ओला, पूल, असे चार रकाने त्यांनी पहिल्या दिवसापासून भरले होते. ओल्याचा आकडा चढला त्याच आठवड्यात पूलचाही चढला होता. आम्ही काही केलं नाही. चार दिवसांनी हवा कोरडी झाली आणि पाणी 30 वर आलं.

ऑक्टोबरच्या शेवटी बाबा परत निघाले. त्याआधी दोघांनी मिळून कूलर उघडला, तोट्या काढल्या, परात पुसली आणि झाकण तिरकं ठेवून उन्हात तीन दिवस वाळवला. वही ते इथेच ठेवून गेले. ओढणीची पट्टी बांधलेला तापमापक व्हरांड्यात अजून आहे. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुपीत पाणी भरलं आणि त्यांच्या शेवटच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली. कोरडा 22, ओला 12, पूल 23.